ऐकलेला ख्रिस्त, भेटलेला ख्रिस्त

हे मनन सलग वाचून बाजूला ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. हाताशी तासभर असेल तेव्हा ते घ्या, नाहीतर दोन-तीन दिवस थोडे थोडे करा. जवळ पवित्र शास्त्र असू द्या आणि योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत राहिला तर उत्तम. खुर्चीवर बसा, चटईवर बसा, भिंतीला पाठ टेकून बसा. शरीराची कुरकुर होणार नाही असे बसा, एवढेच. जिथे ‘थांबा’ म्हटले आहे तिथे खरोखर थांबा.

आज एकच प्रश्न मनात धरायचा आहे. ख्रिस्ताविषयी मला जे ठाऊक आहे, त्यात मी स्वतः कुठे आहे?

१. शिदोरी

डोळे मिटा. ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय काय ठाऊक आहे ते आठवत जा. क्रम लावू नका, जे वर येईल ते येऊ द्या.

प्रभूची प्रार्थना केव्हा पाठ झाली हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही. संडे स्कूलमध्ये बक्षिसासाठी पाठ केलेली वचने अजून ओठांवर आहेत. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची पुस्तके एका दमात म्हणता येतात. नाताळच्या नाटकात कुणी मेंढपाळ झाले, कुणी मागी, कुणी नुसतेच मेंढरू. दृढीकरणाआधीच्या वर्गात प्रश्नोत्तरे घोकली. ‘उपासना संगीता’तली कितीतरी गीते पुस्तक न उघडता म्हणता येतात. पुढे प्रवचने ऐकली, काहींनी दिलीही. तारण, कृपा, पश्चात्ताप, नवा जन्म हे शब्द आपल्याला परके नाहीत.

ही शिदोरी कुणीतरी बांधून दिली. आजीने दिली असेल, पाळकांनी दिली असेल, शनिवारची सुट्टी आपल्यावर खर्च करणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने दिली असेल. त्यातला एखादा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि देवाचे आभार माना.

थांबा.

आता दुसरा प्रश्न. तो थोडा अडचणीचा आहे. या आठवलेल्या गोष्टींपैकी एखादी खोटी असती, तर तुमचा कालचा दिवस कुठे वेगळा गेला असता? कोणता निर्णय बदलला असता? कोणावरचा राग तुम्ही गिळला नसता? कोणत्या भीतीने तुम्हाला झोपू दिले नसते? उत्तर लगेच सापडले नाही तर खजील होऊ नका. न सापडणे हेही आजच्या मननाचे साहित्यच आहे.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग येतो. दूर पूर्वेकडून मागी लोक यरुशलेमात येतात आणि यहूद्यांचा राजा कुठे जन्मला म्हणून विचारतात. हेरोद शास्त्र्यांना बोलावतो. शास्त्री मीखा संदेष्ट्याचा आधार देऊन अचूक उत्तर देतात: बेथलेहेमात. यरुशलेमापासून बेथलेहेम दहा किलोमीटरही नाही. सकाळी निघालेला माणूस ऊन चढण्याआधी पोहोचेल. पण त्या शास्त्र्यांपैकी कुणी निघाला असे मत्तय सांगत नाही. परके लोक त्यांच्या उत्तरावर विसंबून पुढे गेले आणि उत्तर देणारे जागच्या जागी राहिले.

त्यांना हसू नका. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते, निरुपयोगीही नव्हते. त्याचा उपयोग दुसऱ्यांना झाला. फक्त त्या ज्ञानात त्यांना स्वतःला काही हवे होते असे दिसत नाही. मशीहा कुठे सापडेल हे ज्याला नेमके ठाऊक आहे आणि ज्याला त्याची गरज वाटत नाही, असा माणूस आपल्यात किती राहतो, हे पाहण्यासाठी थोडा वेळ घ्या.

थांबा.

२. विहिरीवर

आता योहानाचा चौथा अध्याय पहिल्या ओळीपासून बेचाळिसाव्या ओळीपर्यंत सावकाश वाचा. शक्य असेल तर मोठ्याने वाचा. वाचून झाले की पुस्तक मांडीवर ठेवा आणि ती जागा मनात उभी करा.

शोमरोनातले सूखार. आजच्या नाबलुस शहराजवळची ही जागा. एका बाजूला गरिज्जीम डोंगर, समोर एबाल. मध्ये याकोबाची विहीर. दुपारची वेळ. येशू चालून थकला आहे आणि विहिरीपाशी बसला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत. देवाचा पुत्र थकतो, बसतो, त्याला तहान लागते. या वाक्यावरून पुष्कळदा आपण झरझर पुढे जातो. आज जाऊ नका. त्याच्याकडे पाहा. पायांवरची धूळ पाहा.

एक स्त्री घागर घेऊन येते. तो तिच्याकडे पाणी मागतो.

तिच्या बोलण्याकडे आता लक्ष द्या. तिला पुष्कळ ठाऊक आहे. यहुदी माणूस शोमरोनी बाईकडे पाणी मागत नाही, हा समाजाचा नियम तिला ठाऊक आहे. विहीर खोल आहे आणि या माणसाकडे पोहरा नाही, हे ती पाहते. विहीर याकोबाने दिली, तो स्वतः, त्याचे मुलगे, त्याची गुरेढोरे हिचेच पाणी प्याली, हा इतिहास ती सांगते. पुढे उपासनेची जागा कोणती, हा डोंगर की यरुशलेम, हा वादही तीच काढते. मशीहा येणार आहे, हेही तिला ठाऊक आहे.

उपासनेच्या जागेचा वाद क्षुल्लक नव्हता. गरिज्जीमवर शोमरोन्यांचे मंदिर होते. यहूदियाच्या राज्यकर्त्याने ते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केले. त्या जखमेची आठवण घेऊनच ती बोलत असणार. शोमरोनी समाज आज अगदी थोडा उरला आहे, तरी वल्हांडणाचा यज्ञ तो अजून त्याच डोंगरावर करतो. येशू तिच्या या प्रश्नाला टाळत नाही. तो त्याचे नीट उत्तर देतो. बुद्धीने विचारलेल्या प्रश्नाचा त्याला कमीपणा वाटत नाही.

पण त्याआधी त्याने एक साधी गोष्ट केलेली असते. जिवंत पाण्याविषयी बोलणे चालू असताना तो तिला म्हणतो की जा, नवऱ्याला घेऊन ये. याकोब, पोहरा, समाजाचा रिवाज हे सगळे मागे पडते आणि बोलणे तिच्या घराच्या उंबऱ्याशी येते. तिचे पाच नवरे झाले होते आणि आता जो आहे तो तिचा नवरा नाही. प्रवचनांतून या बाईला सरसकट वाईट चालीची ठरवले जाते. योहान तसे म्हणत नाही. ती पाच वेळा विधवा झाली, की पाच जणांनी तिला सोडले, की दोन्ही, ते आपल्याला सांगितलेले नाही. तिच्या घरात काहीतरी दुखते आहे आणि येशूला ते ठाऊक आहे, एवढे मात्र दिसते. तो तिला दोष देत नाही. तो फक्त तिथे बोट ठेवतो.

आता त्या बाईच्या जागी स्वतः उभे राहा. घागर तुमच्या हातात आहे. ख्रिस्ताशी तुम्ही धर्माविषयी बोलता आहात, मंडळीविषयी, जगाच्या स्थितीविषयी. तो सगळे ऐकून घेतो. मग विचारतो, घरी काय चालले आहे?

त्याने तुमच्या कशावर बोट ठेवले?

थांबा. इथे वाटले तर बराच वेळ थांबा.

३. पंडितेने ऐकलेला अध्याय

या अध्यायाशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. वय पंचवीस. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हिंडत असे. दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, उपाशीतापाशी देश पायी तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, लग्न झाले, मुलगी झाली आणि १८८२ मध्ये पटकीने नवराही गेला. पदरात मनोरमा होती.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या. फुलहॅम येथे भगिनी चालवत असलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे नव्याने उभ्या राहत होत्या, इतरांची सेवा करत होत्या. रमाबाई ज्या देशातून आल्या होत्या तिथे अशा बाईकडे कुणी पाहतही नसे. ख्रिस्ती लोक अशा स्त्रियांची काळजी का घेतात, असे त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारले. भगिनीने उत्तर म्हणून योहानाचा हाच चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय ऐकल्यावर ख्रिस्ताकडे मन ओढले गेले, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत नोंदले आहे. बुद्धीची खात्री पटायला आणखी एक माणूस कारण ठरला: काशीत वाढलेले शास्त्री, षड्दर्शनांचे अभ्यासक आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या नीळकंठ गोरे. त्यांच्या लेखनाने रमाबाईंच्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मन ओढले गेले होते. बुद्धीला पटले होते. बाप्तिस्मा झाला होता. एखाद्या मंडळीच्या दृष्टीने आणखी काय राहिले?

त्यांचे पुढचे वागणे पाहिले तर पंडिता स्वस्थ बसलेली दिसत नाही. त्रैक्य, चर्चचा अधिकार, पंथापंथांतले भेद यांवर त्या वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्याने सांगितले म्हणून काही मानायचे नाही, हा त्यांचा बाणा पानोपानी दिसतो. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, तिथे पुस्तक लिहिले, देशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू केले. वर्षादीड वर्षात ते पुण्याला आले. ख्रिस्ती शिकवणुकीतून जे काम निघावे ते सगळे हातून होत होते.

आणि तरी भूक राहिली होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम चर्चचे दीक्षित सेवक होते, त्यांच्याकडे चांगली पॅरिश होती, कामाची आवड होती. एका बाईने त्यांना सांगितले की तुम्ही शिखरापासून बांधायला सुरुवात केली आहे, पायाचा पत्ता नाही. पुढे १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या बाल्डू या गावी स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन चालू असताना या माणसाचे परिवर्तन झाले.

ते वाचून रमाबाईंनी हिशेब मांडला तो स्वतःचा. मी कुठे उभी आहे? मला नेमके काय हवे आहे? त्यांनी शास्त्र उघडले आणि वाचत, मनन करत राहिल्या. तेव्हाही पुष्कळ गोष्टी बुद्धीला उमगत नव्हत्या, हे त्या प्रामाणिकपणे लिहितात. एक मात्र उमगले: ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला आहे, गरज आहे ती खुद्द ख्रिस्ताची. मग त्यांनी कसलीही अट न घालता स्वतःला त्याच्या हाती सोपवले.

आता मी जे म्हणणार आहे ते माझे वाचन आहे. रमाबाईंनी या शब्दांत सांगितलेले नाही. फुलहॅमला त्यांनी विहिरीची कथा ऐकली तेव्हा ते पाणी त्यांना इतर स्त्रियांसाठी दिसले. टाकलेल्या बायकांसाठी, हिंदुस्थानातल्या विधवांसाठी. दिसले ते खरेच होते आणि त्यातून मोठे काम उभे राहिले. आठ वर्षांनी त्यांना दिसले की विहिरीपाशी घागर घेऊन उभी असलेली बाई मीच आहे.

माझ्या मते डोक्यातले ज्ञान आणि अनुभव यांच्यातली रेघ इथे आहे. ज्या सत्यात गरजवंत कोणीतरी दुसरा असतो, ते सत्य कितीही पटले, कितीही आवडले, त्यासाठी कितीही राबलो, तरी ते डोक्यातच राहते. शास्त्र्यांनी हेरोदाला दिलेले उत्तर असेच होते. गरजवंत मी आहे, हे ज्या क्षणी मान्य होते, त्या क्षणी तेच जुने सत्य आपल्याशी बोलू लागते.

प्रवचनकार, शिक्षक, समाजसेवक, भक्तीपर लेख लिहिणारे यांना हे विशेष कठीण जाते, कारण त्यांचा दिवस दुसऱ्यांची घागर भरण्यात जातो. आईबापांनाही कठीण जाते. तुम्ही यांपैकी असाल तर एक क्षण तुमच्या मुलांना, वर्गाला, मंडळीला बाजूला बसू द्या. त्यांच्यासाठी नंतर प्रार्थना करता येईल. आत्ता तुम्हाला काय हवे आहे?

थांबा.

४. काही जाणवत नाही, तेव्हा

इथे एक शंका उठेल. ‘मी मागतो, पण मला काहीच जाणवत नाही. रडू येत नाही, अंगावर काटा येत नाही. सभेत इतरांना होते ते मला होत नाही. मग माझा विश्वास डोक्यातलाच समजायचा का?’

योहानाच्या कथेत ती बाई रडली असे लिहिलेले नाही. तिला शांती वाटली असेही नाही. तिने घागर तिथेच ठेवली, गावात गेली आणि लोकांना म्हणाली की चला, पाहा. तिच्या शेवटच्या बोलण्यातही प्रश्नच आहे: हाच मशीहा असेल का? पूर्ण खात्री होण्याआधीच तिचे पाय निघाले होते.

मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाला धक्का बसला. १९४६ साली दार्जिलिंगला जाताना त्यांना जी हाक आली ती स्पष्ट होती. पण कलकत्त्याच्या वस्त्यांतले काम सुरू झाल्यावर, मधला थोडा काळ सोडला, तर पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे अस्तित्व जाणवले नाही. पत्रांत कोरडेपणा आहे, अंधार आहे, एकटेपणा आहे. त्यांच्या संस्थेच्या प्रत्येक प्रार्थनागृहात वधस्तंभाशेजारी ख्रिस्ताने तहान लागल्याचे उच्चारलेले शब्द लिहिलेले असतात. ज्या बाईने ते शब्द भिंतीवर लिहायला लावले, ती स्वतः अर्धे शतक तहानलेलीच राहिली आणि तरी पहाटे उठून प्रार्थनेला बसत राहिली.

यातून एक समजते. विश्वासाचा अनुभव आणि भावनेची भरती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कधी त्या बरोबर येतात. १९०५ च्या जूनअखेरीस रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडल्या, पापे कबूल करत राहिल्या, तासन्तास मोठ्याने प्रार्थना करत राहिल्या. ते अश्रू खोटे मानण्याचे कारण नाही. पण केडगावला लोक आजही ओळखतात ते दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या घरामुळे, शाळेमुळे, शेतीमुळे, छापखान्यामुळे. भावना ओसरल्या तरी जे टिकते त्यावरून अनुभवाची पारख होते.

म्हणून काही जाणवत नसेल, तर तेच देवाला सांगा. तहान लागली आहे आणि पाणी दिसत नाही, हेही सांगणे म्हणजे विहिरीपाशी उभे राहणेच आहे. उदासीन माणसाला तहान लागत नाही.

थांबा. जे जाणवते आहे किंवा जाणवत नाही, त्याला आत्ता नाव द्या.

५. मग शिकायचे कशाला?

आपल्या मंडळ्यांत अधूनमधून एक सूर लागतो. अभ्यास नको, डोके चालवू नका, फक्त विश्वास ठेवा. प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला गप्प केले जाते आणि त्यालाच आध्यात्मिकता म्हटले जाते. विहिरीपाशी येशूने असे केले नाही, हे आपण पाहिले. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले तर या सुराला आणखी ठोस उत्तर मिळते.

ख्रिस्त भेटल्यावर पंडितेने पांडित्य सोडले असते तर आपण समजू शकलो असतो. झाले उलटे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. भुकेने आई-बाप गेलेल्या मुलीला त्या मुलींची भूक कुणी समजावून सांगावी लागली नाही. पुढे त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृताने जड झालेली मराठी त्यांना नको होती. खेड्यातल्या बाईला कळेल अशी हवी होती. मुक्तीच्या छापखान्यात बायका स्वतः खिळे जुळवत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

ज्या ज्ञानाने एके काळी कलकत्त्याच्या सभेत पदव्या मिळवल्या, तेच ज्ञान शेवटी केडगावच्या निरक्षर बाईच्या उपयोगी पडावे म्हणून राबले. त्याची धार कमी झाली नाही. ते कुणासाठी आहे ते ठरले.

तुमच्याजवळ जे ज्ञान आहे ते आठवा. शास्त्राचे, भाषेचे, हिशेबाचे, शेतीचे, औषधाचे. ख्रिस्ताला ते टाकून देऊन हवे आहे असे समजू नका. ते कुणासाठी आहे, एवढे त्याला विचारा.

थांबा.

६. गावकऱ्यांचे दोन दिवस

अध्यायाच्या शेवटी गाव येते. एकोणचाळिसाव्या ओळीपासून पुन्हा वाचा. बाईच्या सांगण्यावरून पुष्कळांनी विश्वास ठेवला. ही झाली पहिली पायरी आणि योहान तिला कमी लेखत नाही. मग ते येशूला राहण्याची विनंती करतात आणि तो दोन दिवस राहतो. दोन दिवसांनी ते त्या बाईला सांगतात की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर उभा नाही. आम्ही स्वतः ऐकले आहे.

या बाईला ते ऐकून काय वाटले असेल? तिची साक्ष आता लागत नव्हती. आणि चांगल्या साक्षीचे सार्थक त्यातच असते. आजीने, पाळकांनी, शिक्षिकेने आपल्याला जे दिले त्याचे सार्थकही असेच आहे. त्यांचा शब्द आपण विहिरीपर्यंत यावे यासाठी होता. तिथे पोहोचल्यावर पुढचे त्यांना करता येत नाही. ते आपणच करायचे असते.

मधल्या दोन दिवसांत काय झाले, हे योहान सांगत नाही. चमत्काराची नोंद नाही. तो तिथे राहिला आणि ते त्याच्याबरोबर राहिले. जेवण झाले असेल, बोलणे झाले असेल, संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात तो बसला असेल. ऐकीव विश्वास स्वतःचा होण्यासाठी या लोकांना सहवासाशिवाय दुसरे काही लागले नाही. मागणे त्यांचे होते: आमच्याकडे राहा. ते मागणे आज आपणही करू शकतो.

आता तुमच्या शब्दांत प्रार्थना करा. शब्द सुचत नसतील तर हे घ्या आणि पुढे तुमचे जोडा:

प्रभू, तुझ्याविषयी मी पुष्कळ ऐकले आहे. ज्यांनी सांगितले त्यांच्यासाठी तुझे आभार. पण मला जे हवे आहे ते मी आजवर दुसऱ्यांच्या नावाने मागत आलो. आज ते माझ्या नावाने मागतो. माझ्या घरात जे दुखते ते तुला ठाऊक आहे. मला काही जाणवले किंवा न जाणवले, तरी तू इथे राहा.

थांबा.

मनन इथे संपते, पण एक काम तुमच्याकडे राहते. आज एका कागदावर तुमची एक गरज लिहा. ती तुमची स्वतःची असावी. मुलांची, मंडळीची, देशाची नको. ‘मला क्षमा करता येत नाही’, ‘मला एकटे वाटते’, ‘मला मरणाची भीती वाटते’ अशी सरळ, एका वाक्यात. ती कुणाला दाखवू नका. मग ख्रिस्ताविषयी तुम्हाला ठाऊक असलेल्या सगळ्या गोष्टींतून या गरजेला भिडणारी एकच गोष्ट निवडा आणि पुढचा आठवडाभर ती खरी धरून वागा. क्षमा मिळाली आहे हे खरे धरून एका माणसाला फोन करा. तो एकटे सोडत नाही हे खरे धरून एक संध्याकाळ टीव्हीशिवाय बसा. अनुभव येण्याची वाट पाहत बसू नका. सूखारचे लोक विहिरीपर्यंत चालत गेले होते. तुम्हीही पाऊल उचला, आणि उद्यापर्यंत थांबू नका.